सर्व्हिस लिफ्टमधली चार मिनिटं

इथले अनुभव मी दोन-अडीच वर्षं वाचतोय. स्वतः कधी लिहिलं नाही, पण कमेंट्समुळे बरेच जण मला ओळखत असतील... "याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात", "घरात गॅस गळत नव्हता ना, ते बघितलंत का?", "एवढं सगळं झालं, मग फोटो का नाही काढला?" — असली खुसपटं काढणारा तो मीच. भूत, आत्मा, बाधा, काही म्हणता काही मी मानत नव्हतो. आईच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, सगळे हात जोडून उभे होते, तेव्हा घड्याळात बघणारा मी एकटाच होतो. आता स्वतः लिहायला बसलोय तर माझ्याच कमेंट्स मला टोचतायत. हरकत नाही. काढा खुसपटं. सगळी काढून झाली आहेत माझी.

मी मूळचा पुण्याचा. गेली चौदा वर्षं बंगलोरमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. बेळ्ळंदूरला, आउटर रिंग रोडपासून आत, आमची सोसायटी आहे. नाव सांगत नाही. बी विंग, सोळा मजले, आम्ही अकराव्यावर. घरात मी, बायको आणि माझे वडील. बायको तेव्हा माहेरी गेली होती, त्यामुळे जे झालं त्याचे साक्षीदार आम्ही दोघंच.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं हॅमर शॉपमध्ये काढली. तिथे घण पडायला लागले की शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. कान तिथेच गेले, ओठ वाचायची सवय मात्र राहिली. यंत्र घेऊन दिलंय, ते डबीत असतं. "तू तोंड दाखवून बोल, मला कळतं," असं म्हणतात, आणि खरंच कळतं. टीव्हीचा आवाज बंद करून मराठी बातम्या बघतात.

आता अक्का. नवव्या मजल्यावर विद्या राहते, तिची आई शांताक्का. मूळच्या निपाणीच्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दोन मिनिटंसुद्धा उभं राहवायचं नाही, म्हणून विद्यानं लिफ्टच्या बाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. फायरच्या नियमात पॅसेजमध्ये सामान चालत नाही, म्हणून ती खुर्ची काढायची नोटीस मीच पाठवली. अक्का मला खाली भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "काय वो सेक्रेटरी, खुर्ची काढलासा, आता मला उचलून घेऊन जातासा काय?"

त्यांची आणि बाबांची चांगली गट्टी होती. रोज दुपारी चारला दोघं खालच्या बागेतल्या बाकावर बसायची. सगळी सोसायटी बाबांशी ओरडून बोलते. अक्का तेवढ्या एकट्या, ज्या सरळ समोर बसून नेहमीच्या आवाजात बोलायच्या, तोंड नीट उघडून. बाबा म्हणायचे, "त्या बाईचं बोलणं म्हणजे छापील अक्षर आहे."

एवढी माणसं पुरे. आता नियमाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरून झालं.

आमच्या विंगला तीन लिफ्ट आहेत. दोन मोठ्या, आरसा वगैरे असलेल्या, त्यात स्ट्रेचर आडवं जातं. तिसरी सर्व्हिस लिफ्ट. कचऱ्याचे ड्रम, पाण्याचे कॅन, सुतारांचं प्लायवुड, सगळं तिच्यातून. मागच्या वर्षी बाराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ वारले, त्यांना मोठ्या लिफ्टनं खाली नेलं. पाचच मिनिटांनी त्याच लिफ्टमध्ये एक बाई तान्हं बाळ घेऊन शिरली आणि तिला ते नंतर कळलं. ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. कोणाला इन्फेक्शनची भीती, कोणाला अशुभाची, कोणाला फ्लॅट बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांची. शेवटी सभेत मी ठराव लिहिला — मृतदेह फक्त सर्व्हिस लिफ्टनंच न्यावा. टाळ्या पडल्या. इंग्रजीत फार सुबक वाक्य जमलं होतं, मला त्याचा अभिमान होता.

फक्त एक गोष्ट केली नाही. सर्व्हिस लिफ्ट मोजली नाही. जन्मभर लोकांना "टेस्ट न करता रिलीज केलंच कसं?" म्हणून झापणारा मी, आणि हा नियम मी एकदाही टेस्ट केला नाही.

एका मंगळवारी सकाळी सातला विद्याचा फोन आला. "गिरीशदादा, आई उठत नाहीये." अक्का झोपेतच गेल्या होत्या. तिचा नवरा सिंगापूरला, नातेवाईक निपाणीहून निघालेले, ते थेट स्मशानात पोचणार होते. बाराचा स्लॉट मिळाला. विद्यानं आणि शेजारच्या दोघींनी मिळून अक्कांना आंघोळ घातली, इरकली नेसवली, हनुवटीखालून डोक्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली, पायाचे अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधले. बाबाही खाली येऊन बसले होते. सगळं रीतीनं, शांतपणे झालं. इथपर्यंत कोणाचं काही चुकलं नव्हतं.

दहाच्या सुमारास शववाहिनीवाल्या एजन्सीची दोन माणसं स्टीलचं स्ट्रेचर घेऊन आली. त्यातला रवी म्हणून चाळिशीचा एक जण बोलणारा होता. त्यानं सर्व्हिस लिफ्टचं दार उघडलं, आत एकदा डोकावला आणि मागे वळून म्हणाला, "सर, लेटा के नहीं जाएगा. खड़ा करके ले जाएंगे."

मला आधी कळलंच नाही. "खड़ा मतलब?"

"खड़ा सर. बेल्ट बांध के. सब अपार्टमेंट में ऐसाही करते हैं, टेन्शन नहीं."

लिफ्ट दारापासून मागच्या भिंतीपर्यंत साडेचार फूट होती.

विद्या दारातच उभी होती, तिनं ऐकलं. "दादा, आईला उभं नको ना... मोठी लिफ्ट आहे की. पाच मिनिटांचं तर काम."

मोठ्या दोनपैकी एक त्या दिवशी बंद होती. दुसरी... चौदाव्या मजल्यावर गृहप्रवेश होता. सकाळपासून त्यांचे पाहुणे वर जात होते आणि त्यांनी लिफ्टच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं. मी एक फोन केला असता, त्यांना दहा मिनिटं थांबा म्हटलं असतं, तर कदाचित कुरकुरत का होईना थांबले असते. पण मी तो फोन केला नाही. मला ग्रुपवरचे मेसेज दिसायला लागले — "सेक्रेटरीच नियम मोडतात!" मी विद्याला म्हटलं, "अगं, एक मिनिटाचा प्रश्न आहे. नियम सगळ्यांना सारखा नको का?"

मेलेल्या आईच्या दारात उभं राहून मी तिला हे ऐकवलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे त्यांनीही वाचलं असणार.

जिना वळणावर अरुंद आहे आणि उचलणारे आम्ही तिघंच, त्यामुळे तोही मार्ग नव्हता. त्या दोघांनी अक्कांना स्ट्रेचरवर घेतलं. छातीवरून एक पट्टा, कमरेवरून एक, गुडघ्यांवरून एक. चेहऱ्यावर पातळ कापड टाकलं आणि दोघांनी मिळून स्ट्रेचर उभं केलं. उभं करताना त्या सगळ्याच एका बाजूला जराशा सरकल्या आणि पट्ट्यांनी अडल्या. तो आवाज मला अजून येतो. लिफ्टच्या मागच्या भिंतीला त्यांना टेकवलं, तोंड दाराकडे. आता आत एकाच माणसाला जागा उरली.

"कोई एक पकड़ो सर, हम सीढ़ी से आते हैं," रवी म्हणाला, आणि दोघं निघालेसुद्धा. विद्या पुढे झाली. मी म्हटलं, "तू नको, मी जातो." लोकांना वाटलं असेल, किती करतो हा माणूस. खरं सांगायचं तर मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, म्हणून मी गेलो.

आता मला आठवतं ते सांगतो, अगदी जसंच्या तसं. मी आत शिरलो, दाराकडे तोंड केलं, अक्कांकडे पाठ. उजवा हात मागे करून स्ट्रेचरचा दांडा धरला. तळमजल्याचं, जीचं बटण दाबलं. दार बंद झालं. ड्रमचा आंबूस वास, फिनेल आणि त्यात मधेच तुळशीचा. मी बाजूच्या भिंतीवरच्या पॅनेलचे आकडे बघत राहिलो. नऊ, आठ, सात... भीती नव्हती, लाज वाटत होती. जी आलं, दार उघडलं. पाऊण मिनिट, फार तर एक.

बाहेर रवी आणि त्याचा जोडीदार उभे होते. धापा टाकत नव्हते, निवांत उभे होते. शेजारी आमचा सिक्युरिटी सुपरवायझर मंजुनाथ. तो म्हणाला, "सर्, लिफ्ट अटकला था क्या? स्वल्प लेट हुआ."

"नाही, सरळ तर आली," मी म्हटलं.

मंजुनाथनं रवीकडे बघितलं. रवीनं माझ्याकडे बघितलंच नाही. चेहऱ्यावरचं कापड घसरून अक्कांच्या खांद्यावर आलं होतं, ते त्यानं नजर वळवून, चाचपडत वर ओढलं. मग स्ट्रेचर आडवं केलं. गाडी निघाली, पुढचं सगळं वेळेत झालं. स्मशानात विद्यानं विचारलं, "दादा, आईला काही त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, "अजिबात नाही."

दुपारी घरी आलो, आंघोळ केली. मंजुनाथचं ते "लेट" डोक्यातून जाईना. नऊ मजले उतरून माणूस निवांत उभा कसा राहील? लिफ्ट अडकली असेल तर कंपनीकडे तक्रार करायला हवी, या विचारानं मी चारच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सेक्रेटरी म्हणून मला कॅमेऱ्यांचं फुटेज घरून बघता येतं. बाबा त्या दिवशी बागेत गेले नव्हते. माझ्या मागे उभे राहून चहा पीत होते.

सर्व्हिस लिफ्टमधला कॅमेरा दाराच्या वर आहे. म्हणजे दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. मी फुटेज लावलं. मी आत शिरतो. दाराकडे तोंड करतो. बटण दाबतो. दार बंद होतं.

आणि मी वळतो.

कॅमेऱ्याकडे पाठ करून, अक्कांच्या समोर, हातभर अंतरावर. तसाच उभा राहतो. कोपऱ्यात वेळेचे आकडे पुढे सरकतायत, पॅनेलवरचा नऊ मात्र तसाच. एक मिनिट. दोन मिनिटं. मी हलत नाही, फक्त माझी मान हलते. हळूहळू, वरखाली. कोणी मोठं माणूस काही सांगत असलं की आपण हो, हो करतो, तशी. थांबते, पुन्हा हलते. पुन्हा थांबते. चार मिनिटं आणि काही सेकंद. मग मी वळतो, दाराकडे तोंड करतो, हात मागे नेऊन दांडा धरतो, आणि तेव्हा कुठे पॅनेलवर आठ येतो.

मला यातलं काहीही आठवत नाही. आजही नाही. स्वतःची पाठ बघून अंगावर काटा येतो हे मला पहिल्यांदा कळलं. तो शर्ट माझा होता, ती मानही माझीच, पण तो माणूस काय करतोय ते मला ठाऊक नव्हतं.

बाबांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "परत लाव."

मी परत लावलं. ते कप खाली ठेवून पुढे वाकले, चष्मा सारखा केला. संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा." तिसऱ्यांदा बघताना ते माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले, आणि मला दिसलं की त्यांचा चेहरा पार उतरलाय. ऐन हॅमरखाली माणूस गेलेला बघितलेले माझे बाबा. ते घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी त्यांच्याकडे वळून, तोंड दाखवून विचारलं, "बाबा, मी तिथे काय बोलतोय? काय बोलतोय मी?"

"तुझी पाठ आहे," ते म्हणाले. "तुझं तोंड कुठं दिसतंय?"

"मग तुम्ही..."

माझ्या खांद्यावरून अक्कांचा चेहरा दिसत होता. कापड घसरलेलं. हनुवटीची पट्टीही उभं करताना सैल झालेली.

बाबा पडद्याकडे बघत, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "'पाय दुखालेत रे. निजव की मला. पाय दुखालेत.' तेवढंच. सारखं तेवढंच." मग, "आणि दर वेळी तू मान हलवतोयस."

फुटेज चालूच होतं. मी पडद्याकडे बघितलं नाही. एवढं मला इथे कबूल करायचंय. तिन्ही वेळा मी फक्त स्वतःची पाठ बघितली होती, आणि आता एकदा मान वळवून अक्कांच्या ओठांकडे बघायचं, की सगळा निकाल लागला असता. माझी हिंमत झाली नाही. मी चाचपडत लॅपटॉप मिटला.

आता खुसपटं. पॅनिकमध्ये माणसाला मधली काही मिनिटं आठवत नाहीत, हे मला माहीत आहे. लिफ्ट अडकली असेल, मी घाबरून वळलो असेन, आपोआप मान हलली असेल. पण लिफ्टच्या टेक्निशियनला मी बोलावलं, त्यानं तिची नोंद काढून दाखवली. दार बंद, लगेच निघाली, थेट जी, कुठेही थांबली नाही. मग कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं म्हणावं तर खाली तिघं जण थांबले होतेच. सैल जबडा लिफ्टच्या हादऱ्यानं हलू शकतो, हेही मान्य. पण उभ्या लिफ्टला हादरे कुठले? बाबांनी मला धडा शिकवायला रचून सांगितलं, असंही मी मनाशी म्हणून बघितलं. पण त्यांचा तो चेहरा मी बघितलाय, आणि माझ्या बाबांना नाटक येत नाही.

"मग पुरावा कुठंय?" असं मीच विचारलं असतं. नाहीये. स्क्रीनशॉटशिवाय बग न मानणारा मी, ते फुटेज कॉपी केलं नाही. विद्यानं कधी मागितलं तर, या भीतीनं ते पंधरा दिवसांनी पुसलं जाईपर्यंत मी रोज दिवस मोजत होतो.

रवीला मात्र फोन केला. दुसऱ्याच दिवशी, दुपारी, ऑफिसच्या कॅन्टीनमधून. भोवती माणसं असल्याशिवाय मला तो विषय काढवत नव्हता. काहीतरी कोरडं, धंद्यातलं उत्तर मिळावं एवढीच इच्छा होती. मी विचारलं, उभं केल्यावर पट्टी सैल होते का, तोंड हलतं का.

तो म्हणाला, "सर, आप उनके तरफ़ देखे क्या?"

मी म्हटलं, नाही.

"देखना नहीं होता सर. लेटा के ले जाओ तो कुछ नहीं. खड़ा किया तो देखना नहीं." मागे ट्रॅफिकचा आवाज येत होता. "ये आपको बताना नहीं था. हम लोग इसीलिए सीढ़ी से आते हैं."

जागा नव्हती म्हणून नव्हे.

मी विचारलं, मग तुम्ही लोकांना सांगत का नाही? तो म्हणाला, "सांगून काय सर, नियम तुमचेच असतात." हे त्यानं हिंदीत सांगितलं, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच राहिलंय.

त्यानंतर मी सर्व्हिस लिफ्टच्या पॅसेजमध्ये गेलेलो नाही. मोठ्या लिफ्टमध्येही एकटा चढत नाही. कोणी आलं तर चढतो, नाहीतर अकरा मजले जिना. मीटिंगमध्ये कोणी काही समजावून सांगायला लागलं आणि माझी मान हो-हो करायला लागली की मी ती दचकून थांबवतो. टीममधल्या पोरींना वाटतं, सरांना मानेचा त्रास आहे. विद्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिनं एकदा अक्कांच्या कृतीनं केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणून दिल्या, मी डबा घेतला आणि दार लावून रडलो.

नियम बदलायचा ठराव मी मांडला. मृतदेह मोठ्या लिफ्टनं, आडवा, सन्मानानं न्यावा. कारण म्हणून फक्त सर्व्हिस लिफ्टचं माप लिहिलं, दुसरं काय लिहिणार? सभेत लोक वैतागले. "तुम्हीच तर केला होता नियम." "लहान मुलं आहेत हो." "एक मिनिटाचा तर प्रश्न आहे." हे शेवटचं वाक्य ज्यानं म्हटलं त्याच्या घरीही म्हातारी आई आहे, मी तिला ओळखतो. ठराव पडला. मी राजीनामा दिला, तो मात्र ताबडतोब मंजूर झाला.

म्हणजे नियम अजून आहे. माझ्याच सुबक इंग्रजीत, नोटीस बोर्डावर. आणि बाबा अजून अकराव्या मजल्यावर आहेत. त्या दिवसापासून त्यांचं खाणं कमी झालंय, आणि डॉक्टरांनी हृदयाचं जे सांगितलंय ते काही बरं नाही. बसवनगुडीला तळमजल्यावरचं घर बघतोय, दोन पायऱ्यांचं, अंगण असलेलं. शनिवार-रविवार तेच करतो. अजून मिळालेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर मी आधी त्यांच्या छातीकडे बघतो, वरखाली होतेय ना. खरं सांगतो, ते नुसत्या प्रेमानं नाही. अजून घर मिळालेलं नाही, म्हणून.

जे झालं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, मी भांडणार नाही. पण मला खरं झोपू देत नाही ते त्या चार मिनिटांतलं नाही. ते गेल्या रविवारचं आहे.

दुपारी एक घर बघून आलो होतो, तेही जमलं नव्हतं. बाबा गॅलरीत बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसलो, त्यांना माझं तोंड नीट दिसेल असा, आणि म्हटलं, "बाबा, घर मिळो न मिळो, तुमच्या वेळी मी मोठ्या लिफ्टनंच नेईन. आडवं. कोणीही मधे आलं, तोरण असो, पाहुणे असोत, काहीही असो. तुम्हाला उभं करू देणार नाही. शब्द देतो."

बाबा बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले, मी बोलायचं थांबलो होतो तरी.

"हो तर तू तिलाही म्हणत होतास," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना ओठ दिसत नाहीत, त्यामुळे पुढे मी जे बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.